ऑर्डर डेटाबेसमध्ये पडते, मेसेज क्यूत पोचत नाही. एक्सए लावू का?

बुचकळ्यात

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो.

आमच्याकडे ऑर्डर घेणारी जावा सर्व्हिस आहे. मागे पोस्टग्रेस डेटाबेस, पुढे रॅबिटएमक्यू हा मेसेज पोचवणारा ब्रोकर, आणि क्यूच्या पलीकडे गोदामाचं सॉफ्टवेअर आणि बिलिंग. कोड साधा आहे: ऑर्डर टेबलात इन्सर्ट, कमिट (म्हणजे नोंद पक्की), मग ब्रोकरला मेसेज. एरवी सुरळीत चालतं. पण डिप्लॉयच्या वेळी जुना पॉड (सर्व्हिसची चालू प्रत) नेमका त्या दोन ओळींच्या मध्ये मरतो आणि एखादी ऑर्डर टेबलात दिसते, गोदामाला तिचा पत्ताच नसतो. ग्राहकाचा फोन येईपर्यंत कुणाला कळतही नाही.

एका सहकाऱ्याने क्रम उलटा करून बघितला. आधी मेसेज, मग कमिट. तर गोदामवाले म्हणायला लागले, "अमुक नंबरची ऑर्डर सापडत नाही." आमचं कमिट व्हायच्या आत मेसेज पोचतो आणि ते क्वेरी मारून मोकळे होतात. वर कमिट फसलं तर नसलेल्या ऑर्डरचा माल बांधायला घेतात. आगीतून फुफाट्यात.

आता वरून सूचना आली आहे: टू-फेज कमिट (आधी दोन्ही सिस्टिम्सना विचारून मग दोन्हीकडे एकत्र कमिट) लावा, रॅबिट काढून एक्सए (त्याच पद्धतीचा ठरलेला इंटरफेस) जमणारा ब्रोकर घ्या, बाकी ॲप्लिकेशन सर्व्हर बघून घेईल. टेस्टवर एक डेमो उभा केला तर पोस्टग्रेसनेच आधी पाय अडवला: प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स (टू-फेजमध्ये "तयार" म्हणून थांबलेली ट्रान्झॅक्शन्स) डिसेबल्ड. मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स डिफॉल्ट शून्य असतं म्हणे. टेस्टवर आकडा वाढवून पुढे गेलो. प्रॉडक्शनवर वाढवण्याआधी विचारतोय: हे कुणी विचार करून बंद ठेवलंय का?

कोंडी

एवढ्यासाठी ब्रोकर कशाला बदलता? मेसेज गेला नाही तर एक्सेप्शन पकडा आणि पुन्हा पाठवा. चार ओळींचं काम.

बुचकळ्यात

@कोंडी, पॉडच मेला तर एक्सेप्शन पकडणार कोण? पुन्हा काय पाठवायचं होतं ते त्याच्याच मेमरीत होतं.

रात्रपाळी

हो, विचार करूनच बंद ठेवलंय. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की प्रिपेअर ट्रान्झॅक्शन ही कमांड बाहेरच्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरसाठी आहे, ॲप्लिकेशनने परस्पर वापरायची नाही. आणि असा मॅनेजर नीट लावलेला नसेल तर आकडा शून्यच ठेवा.

मी मिडलवेअर सपोर्टला आहे, बहुतेक रात्रीच्याच पाळीला. त्यामुळे माझं मत त्या खुर्चीतून दिसतं तसं आहे. टू-फेज कमिट म्हणजे काही कालची टूम नाही. डेटाबेस संशोधक जिम ग्रेनी १९७८मध्ये ते मांडून ठेवलं, एक्स/ओपन या मानकं ठरवणाऱ्या गटाने १९९१मध्ये एक्सएचा इंटरफेस ठरवला, आणि टक्सीडो, सीआयसीएससारखी सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने पैशांचे व्यवहार रेटत आली आहेत. तत्त्व पक्कं आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय की मध्येच लटकलेलं ट्रान्झॅक्शन निस्तरणार कोण.

नेमकं काय लटकतं ते बघा. कोऑर्डिनेटर, म्हणजे ट्रान्झॅक्शन मॅनेजर, आधी दोघांना विचारतो, तयार आहात का. पोस्टग्रेस म्हणतं हो, ब्रोकर म्हणतो हो. मग कोऑर्डिनेटर स्वतःच्या लॉगमध्ये निर्णय लिहितो आणि दोघांना कमिट करायला सांगतो. एकदा "हो" म्हटलं की डेटाबेसला स्वतःच्या मनाने ना कमिट करता येत, ना रोलबॅक (रद्द). आता समजा "हो" आल्यावर, पण कमिटचा हुकूम जायच्या आधी, कोऑर्डिनेटर गेला. त्या ऑर्डरच्या रोंवर लॉक तसंच राहतं. तुम्ही पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडता, तिथे लॉक धरून बसलेलं सेशनच नाही. पीजी_लॉक्स बघता, पीआयडीची (प्रोसेस नंबरची) जागा रिकामी. मारायला प्रोसेसच नाही! कुणीतरी वैतागून डेटाबेस रीस्टार्ट करतं, आणि वर आल्यावर लॉक पुन्हा हजर. कारण "हो" डिस्कवर लिहिलेलं असतं, ते रीस्टार्टमधून टिकावं म्हणूनच तर ही सगळी यातायात. अशी लटकलेली ट्रान्झॅक्शन्स दाखवणारा पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स नावाचा व्ह्यू आहे, हे ज्याला माहीत नाही तो रात्रभर भुताच्या मागे धावतो.

त्यात व्हॅक्यूमही (मेलेल्या रो साफ करणारं पोस्टग्रेसचं काम) अडकतो. जुनं प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन पडून असेल तर त्याच्यानंतर मेलेल्या रो साफ होत नाहीत. टेबलं फुगत जातात आणि आठवड्याने कुणीतरी विचारतं, क्वेऱ्या अचानक स्लो का झाल्या?

तुमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तुम्ही पॉड म्हणालात. ॲप्लिकेशन सर्व्हरमधल्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरचा लॉग सहसा त्याच्याच लोकल डिस्कवर असतो. पॉड गेला, डिस्क गेली, निर्णयाची वहीही गेली. मग कमिट करायचं होतं की रोलबॅक, हे या पृथ्वीतलावर कुणालाच माहीत नाही. वरून सूचना देणाऱ्यांना हा एकच प्रश्न विचारा: कोऑर्डिनेटरचा लॉग कुठल्या डिस्कवर राहणार आणि पॉड दुसरीकडे उठला तर ती डिस्क त्याच्यामागे जाणार का? उत्तर तयार नसेल तर एक्सए लावू नका.

तुमच्या कामाला आउटबॉक्स पुरेल. ऑर्डर जिथे इन्सर्ट होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच डेटाबेसमध्ये, दुसऱ्या टेबलात मेसेजची रो टाका. कमिट झालं तर दोन्ही राहतील, नाही तर दोन्ही जातील. मग एक वेगळी रिले प्रोसेस न पाठवलेल्या रो उचलते, रॅबिटला देते, पब्लिशर कन्फर्म (मेसेज मिळाल्याची रॅबिटची पोच) येईपर्यंत थांबते आणि मगच "पाठवलं" अशी खूण करते. रॅबिटही जागेवर राहतो.

आता यात लोक जिथे हमखास आपटतात ते सांगते. रिलेमध्ये "शेवटचा पाठवलेला आयडी" लक्षात ठेवायचा आणि दर वेळी त्याच्या पुढचे उचलायचे, असा कोड सगळे लिहितात. दिसायला छान. पण सीक्वेन्सचा (ओळीने आयडी देणाऱ्या काउंटरचा) नंबर इन्सर्टच्या वेळी मिळतो, रो दिसते कमिटनंतर. एका ट्रान्झॅक्शनला ५०१ मिळाला, दुसऱ्याला ५०२. दुसरं आधी कमिट झालं. रिलेने ५०२ पाठवला आणि लिहून ठेवलं, ५०२पर्यंत झालं. मग ५०१ कमिट झालं. तो मेसेज आता कधीच जाणार नाही. लॉगमध्ये एरर नाही, अलर्ट नाही, काही नाही. म्हणजे ज्या रोगासाठी औषध घेतलं तोच रोग परत, आणि टेस्टवर सापडायचा नाही कारण तिथे एवढी गर्दी नसते. म्हणून बुकमार्क नको. "पाठवल्याची वेळ रिकामी आहे" अशाच रो शोधा आणि तेवढ्यांवरच पार्शल इंडेक्स ठेवा.

बुचकळ्यात

रात्रपाळीताई, ५०१चं वाचून कोड उघडला. सहकाऱ्याने आउटबॉक्सचा एक कच्चा प्रयत्न करून ठेवला होता, त्यात लास्ट_आयडीच आहे.

दोन शंका. रिलेने मेसेज पाठवला आणि खूण करायच्या आधी तीच मेली तर? आणि रिले एकच ठेवली तर ती पडल्यावर सगळंच ठप्प, दोन ठेवल्या तर दोघी तोच मेसेज पाठवणार नाहीत का?

रात्रपाळी

रिले मेली तर मेसेज दोनदा जाईल. ते टळत नाही, टाळायच्या मागेही लागू नका. घेणाऱ्याने ओळखायला हवं. प्रत्येक मेसेजला आउटबॉक्समधूनच आयडी द्या. दर प्रयत्नाला नवा बनवलात तर उपयोग शून्य. गोदामाच्या बाजूला "पाहिलेले मेसेज" असं टेबल, आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट. मेसेज आला की आधी तिथे इन्सर्ट, ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग. एकही रो पडली नाही म्हणजे हा आधी येऊन गेलाय, सोडून द्या आणि ॲक (मिळाल्याची पोच) द्या. पडली तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढचं काम करा, कमिट करा, मग ॲक. क्रम तोच ठेवा. आणि गोदामवाले "आमच्याकडे बदल नको" म्हणतील, ते गृहीत धरा. त्यांना सांगा की रॅबिट आजही कनेक्शन तुटलं आणि ॲक पोचला नाही की तोच मेसेज पुन्हा देतो. हे काम त्यांना आधीपासूनच लागू होतं.

दोन रिलेंसाठी फॉर अपडेट स्किप लॉक्ड आहे, पोस्टग्रेस ९.५पासून. एकीने धरलेल्या रो दुसरी ओलांडून जाते. पण मग एकाच ऑर्डरचे "घेतली" आणि "रद्द केली" हे दोन मेसेज दोघींकडे वाटले जाऊन उलटे पोचू शकतात. क्रम महत्त्वाचा असेल, तुमच्याकडे तो असणारच, तर एकच रिले काम करू द्या, दुसरी ॲडव्हायझरी लॉकची (ॲप्लिकेशनने स्वतः मागून घ्यायच्या लॉकची) वाट बघत बसू दे. पहिलीचं सेशन तुटलं की लॉक सुटतं आणि दुसरी कामाला लागते. मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर रिलेला त्याला बगल देऊन थेट डेटाबेसशी जोडा. त्या मोडमध्ये सेशनचं लॉक भलत्याच्याच हातात जातं.

लेजर

थोडं विरुद्ध बोलतो. मी खातेवहीच्या सिस्टिमवर काम करतो. आयबीएमचं एमक्यू हा ब्रोकर आणि ओरॅकल डेटाबेस, मध्ये एक्सए, आणि आम्ही ते काढणार नाही. आमचं ट्रान्झॅक्शन मॅनेजर पॉडमध्ये नाही, त्याचा लॉग शेअर्ड स्टोरेजवर आहे, एक नोड गेला की दुसरा रिकव्हरी करतो. डीबीए_टूपीसी_पेंडिंगवर (लटकलेली ट्रान्झॅक्शन्स दाखवणाऱ्या ओरॅकलच्या व्ह्यूवर) अलर्ट आहे. ओआरए-०१५९१ (लटकलेल्या ट्रान्झॅक्शनने लॉक धरल्याची एरर) दिसलं की काय करायचं ते लिहून ठेवलंय आणि सराव होतो. मेसेज उचलणं आणि खात्यात नोंद करणं हे एकत्रच व्हायला हवं असेल, आणि पलीकडचा कोड तुमच्या हातात नसेल, तर "दोनदा आला तर ओळखा" हे म्हणायला सोपं आहे. सगळ्यांना आउटबॉक्सचं औषध देऊ नका.

आणि वल (डेटाबेसचा बदलांचा लॉग) वाचून मेसेज काढणाऱ्या डेबेझियमबद्दल कुणी बोललंच नाही. रिले हाताने का लिहायची?

रात्रपाळी

@लेजर, तुमच्याकडे निस्तरणारा आहे, सराव आहे, म्हणून तुमचं चालतं. माझंही तेच म्हणणं होतं. फक्त "फोर्स" (लटकलेलं हाताने जबरदस्ती संपवणं) शब्द कुणी सर्रास वापरायला लागलं की मला सांगा. एकीकडे कमिट फोर्स आणि दुसरीकडे रोलबॅक झालेलं निस्तरताना काय होतं ते बघितलंय.

डेबेझियम चांगलं आहे. लॉगमधून वाचतं म्हणून कमिटच्या क्रमाने मिळतं, ५०१ची भानगड उरत नाही. पण ते रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठपर्यंत वाचला त्याची डेटाबेसमधली खूण) धरून बसतं. डेबेझियम बंद पडलं की तो स्लॉट वल फाइल्स टाकू देत नाही, साठत जातात, डिस्क भरते, आणि मेसेज राहिले बाजूला, ऑर्डर घेणंच बंद पडतं. पोस्टग्रेस १३पासून मॅक्स_स्लॉट_वल_कीप_साइझ आहे. ती लावली तर डिस्क वाचते पण स्लॉट निकामी होऊ शकतो. यांचा व्याप ऑर्डर सर्व्हिसपुरता आहे. त्यासाठी साधी रिले आणि एक अलर्ट: आउटबॉक्समधली सर्वांत जुनी न पाठवलेली रो किती मिनिटांची आहे. किती रो साठल्यात यापेक्षा हा आकडा बघा, अडकलेला एकुलता एक मेसेजसुद्धा त्यात दिसतो. पाठवलेल्या रो दिवसाच्या पार्टिशनमध्ये ठेवा आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा. रोज लाखभर डिलीट मारून व्हॅक्यूमला कामाला लावू नका.

बुचकळ्यात

आउटबॉक्सवर एकमत झालं. लॉग कुठल्या डिस्कवर राहणार, हे विचारल्यावर बैठक फार लांबली नाही.

टेस्टवर मात्र एक लफडं उरलंय. ऑर्डर टेबलाला कॉलम घालायला गेलो तर ऑल्टर टेबल लटकलं. तुम्ही सांगितलेला व्ह्यू बघितला, एक्सएच्या डेमोमधलं एक ट्रान्झॅक्शन तिथे पडून आहे. आयडी म्हणून नुसती अगम्य अक्षरांची माळ आहे. प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्सचा आकडा परत शून्य करून रीस्टार्ट केलं की जाईल का?

रात्रपाळी

नाही! आधी ते काढा, मग शून्य करा. ती माळ जशीच्या तशी कॉपी करा, शेवटच्या बरोबरच्या चिन्हांसकट, आणि रोलबॅक प्रिपेअर्डला एकेरी अवतरणात द्या. व्ह्यूमध्ये सगळ्या डेटाबेसमधली दिसतात, पण कमांड त्याच डेटाबेसला जोडून चालवावी लागते, आणि ज्या युजरने ते सुरू केलं त्याने किंवा सुपरयुजरने. बिगिनच्या आत चालणार नाही. व्ह्यू रिकामा झाला की ऑल्टर आपोआप सुटेल, मग आकडा शून्यावर आणा आणि रीस्टार्ट करा. त्या डेमोचा ॲप्लिकेशन सर्व्हर अजून चालू असेल तर त्याआधी तो बंद करा, नाही तर इकडे तुम्ही काढताय आणि तिकडे तो नवीन टाकतोय.