दहावीला इतिहास-भूगोलाचा लेखी पेपर हवाच कशाला?

निवांत_बाबा (धागाकर्ता)
लेक यंदा दहावीत. काल जेवताना सहज विचारलं, "लिओपॉल्ड रांके कोण गं?" ताडकन उत्तर आलं, "मूळ दस्तऐवजांवर भर देणारा इतिहासकार." शाब्बास. मग मूळ दस्तऐवज म्हणजे नक्की काय, ते विचारलं. "बाबा, ते पेपरात विचारत नाहीत."
ती बसली होती त्याच्या मागच्याच कपाटात माझ्या पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि शाळेने द्यायचे अंतर्गत २०, असा हा शंभर गुणांचा मामला. माझं म्हणणं एवढंच की विषय ठेवा, पण बोर्डाचा लेखी पेपर काढा. मुलांना प्रकल्प करू द्या, गुण शाळा देईल.

फळा_आणि_खडू
पेपर काढलात की तासही गेलाच म्हणून समजा. चित्रकला, कार्यानुभव यांच्या तासांचं काय होतं ते शाळेत येऊन बघा. जानेवारी उजाडला की गणिताचे सर माझ्या वर्गाच्या दारात उभे: "मॅडम, तेवढा तास देता का? सराव राहिलाय." ४० गुणांचा पेपर आहे, म्हणून मला नाही म्हणता येतं.
आणि गुण शाळा देईल? २० पैकी १८ च्या खाली दिले की पालक ऑफिसात हजर. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. (अभ्यासक्रमही नवा होता, मान्य.) ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. तुम्हाला शंभरच्या शंभर तसेच वाटायचेत का?

सरळ_हिशोब
२०२० विसरलात वाटतं. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला, आणि सरासरीने गुण दिले. माझा भाचा त्याच बॅचचा, पुढे इंजिनिअरिंगला गेला. कुणाचं काय अडलं? शिवाय बेस्ट ऑफ फाइव्ह आहेच, सहापैकी चांगले पाच विषयच धरतात. टक्केवारीत जो विषय गळूनही चालतो त्याच्यासाठी एवढा घाम कशाला?

माणदेशी
भाच्याचं अडलं नसेल. आमच्याकडं अडतं.
मी माण तालुक्यात भूगोल शिकवतो. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझीलच्या तुलनेवर आहे. ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी का, हे आमची पोरं झोपेतसुद्धा सांगतील: अजस्र कडा, वाऱ्यांना अडथळा, पर्जन्यछाया, अवर्षण चतुष्कोण. एवढे शब्द आले की भौगोलिक कारणाचे गुण खिशात.
एकदा फळ्यावर नुसता कडा काढला, समुद्राकडून येणारे बाण काढले, नाव काही लिहिलं नाही. "हे कुठलं?" सगळा वर्ग एका सुरात: "ब्राझील!" बरं, मग आपल्याकडं पाऊस का कमी? एक म्हणाला, "झाडं तोडली." मागच्या बाकावरून आलं, "आभाळच फिरलंय, सर."
महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या दहिवडीला जेमतेम पाचशे. मी कड्याखाली 'सह्याद्री' लिहिलं. बाणांपाशी 'अरबी समुद्र'. जरा वेळ कुणी बोलेना. मग एक पोरगी म्हणाली, "म्हणजे सर, आपला पाऊस तिकडंच पडून जातो?" तिचे वडील टँकरवर ड्रायव्हर आहेत.
मला विचाराल तर पेपर राहू द्या, पण त्यात पुस्तकात नसलेला एक नकाशा द्या. मग बघू गाइडं किती खपतात.

फळा_आणि_खडू
सर, तुमचा तास आवडला, पण तो नकाशा देणार कोण? दुसऱ्या दिवशी 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून बोंब होईल आणि सगळ्यांना सरसकट गुण वाटावे लागतील. गठ्ठे आम्ही तपासतो. हातात नमुना उत्तरं असतात. पोरानं 'आपला पाऊस तिकडंच पडून जातो' असं लिहिलं आणि 'पर्जन्यछाया' शब्द नाही आला, तर गुण द्यायला माझाही हात अडखळतो. खोटं कशाला बोलू.

सरळ_हिशोब
पर्जन्यछाया कळली म्हणून टँकर बंद झाला का, तेवढं सांगा.

माणदेशी
नाही झाला. पण दोन दिवसांनी वडील शाळेत आले. "सर, पोरीला काय शिकवलंय? टँकर कुठल्या विहिरीवर भरता, ती आटली तर कुठून आणणार, जेवू देईना." मी चहा सांगितला.

निवांत_बाबा
इतकं वाचून आज ते खरेदीखत बाहेर काढलं. मला मोडीतलं अक्षर कळत नाही, तिला तर नाहीच. शेवटी एक गोल शिक्का आहे, त्यावर ती भिंग धरून बसली होती. शनिवारी सराव परीक्षा आहे, म्हणून आईने उठवलं.
पेपराबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण इथे मोडी वाचणारं कुणी आहे का? फोटो टाकतो.