संमेलनाला जाताना कादंबरीचं बाड न्यावं का?

ऐरोलीकर: पहिली कादंबरी लिहून झालीये, साठेक हजार शब्द, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद कारखान्याची गोष्ट आहे. यंदा साहित्य संमेलनाला जायचं म्हणतोय, प्रकाशक भेटतात ना तिथे? प्रिंट काढून नेऊ का, की नुसतं मांडवात फिरून परत यायचं?

नौपाडा_कट्टा: बाड अजिबात नेऊ नकोस. ग्रंथप्रदर्शनात गाळ्यावर बसलेली पोरं पुस्तकं विकायला असतात रे, २०१० ला आपल्या ठाण्यात ८४वं झालं तेव्हा एका गाळ्यावर टेबलाखाली रिकाम्या खोक्यात अशी बाडं पडलेली बघितलीयेत मी, वर बिलबुक आणि चहाचे कप. एक पान सारांश आणि पहिली दोन प्रकरणं तयार ठेव, संपादक कोण ते विचार, मेल आयडी घे आणि घरी येऊन पाठव. उद्घाटनाच्या दिवशी नको जाऊ, नुसती गर्दी असते.

वाशी_लोकल: कवींना कविकट्टा तरी असतो, कादंबरीवाल्यांना कोण विचारतंय 😄 पण जा, परिसंवाद संपल्यावर वक्ते बाहेर निवांत गप्पा मारतात, ते खरं ऐकण्यासारखं. आणि आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चक्कर मार, १८९३ पासूनचं आहे, कामगारांवरच्या कादंबऱ्या कोणी छापल्यात ते बघून यादी कर.

ऐरोलीकर: भारी, थँक्स. सारांशात शेवट पण सांगायचा?

नौपाडा_कट्टा: हो मग, शेवटासकट. जाहिरात आहे का ती?