मुलाच्या ग्रीन कार्डची चिंता आणि पहाटे वाचले जाणारे ग्रुप

प्रश्न (राजारामपुरी):
माझा मुलगा एच-1बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासमध्ये नोकरी करतो. ग्रीन कार्डसाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी, कंपनीने भरलेला त्याचा आय-140 अर्ज मंजूर आहे, वर्ग ईबी-2 (उच्चशिक्षितांचा) आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, 2019 मधील आहे. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून तो आणि सूनबाई अशाच भारतीयांच्या टेलिग्राम ग्रुपवर तासन्‌तास असतात. आता मीही त्यात शिरलो असून पहाटे चारला उठून संदेश वाचतो. याने धीर येतो की जीव अधिकच टांगणीला लागतो?

उत्तर 1 (कसबा बावडा, अमेरिकेहून परतलेला):
काका, दोन्ही होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1,40,000 आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपली रांग लांबते. त्यात आपल्या लायकीचा दोष नाही, हे मला ग्रुपवर शेकडो जणांच्या तारखा शेजारी-शेजारी पाहूनच पटले. 2020 मध्ये माझी नोकरी गेली, तेव्हा नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारे जास्तीत जास्त 60 दिवस कसे मोजायचे हेही तिथल्याच एका अनोळखी माणसाने रात्री दोन वाजता समजावले. मात्र आपल्यापेक्षा वेगळ्या वर्गातल्या कुणाला मंजुरी मिळाली की आपण उगीच झुरतो, हेही खरे.

उत्तर 2 (मूळची कोल्हापूरची, सध्या न्यू जर्सी):
पावसाळ्यात आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला पाहतो, कारण 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका असतो व पाणी खरोखरच तासागणिक चढते. व्हिसा बुलेटिन, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली हे सांगणारे अमेरिकी सरकारचे पत्रक, महिन्यातून एकदाच निघते. मधल्या दिवसांत ग्रुपवर जे येते ते बहुतेक 'मैत्रिणीच्या वकिलाने सांगितले' या जातीचे असते. तरीही मी तिथे जाते, कारण तिथे कुणी 'मग कार्ड कधी मिळणार?' असे विचारत नाही, जे गावाकडच्या प्रत्येक लग्नकार्यात विचारले जाते. स्पष्ट बोलते, राग मानू नका: तुमच्या मुलालाही अशी एक जागा हवी असेल, आणि तिथे वडील असले तर ती त्याची उरत नाही.

प्रश्नकर्ता:
ग्रुप सोडला. रविवारच्या फोनवर मी तारखेचा विषय काढला नाही. अर्ध्या तासाने त्यानेच काढला.