मदत हवी आहे: १३ वर्षांच्या मुलीच्या ओसीडीसाठी मराठीतून थेरपी

नमस्कार. माझ्या मुलीला ओसीडी (नको ते विचार सतत येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं) असल्याचं मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलंय. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. नळ बंद केला की लगेच विचारते, "आई, नीट धुतले ना गं?" हो म्हटलं की क्षणभर शांत, मग पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, आधी ईआरपी करून बघू. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि हात न धुता ती घालमेल आपोआप ओसरू द्यायची. मला पटलं. पण नाशिकमध्ये ज्यांच्याकडे गेलो तिथे नुसत्या गप्पा आणि "मन दुसरीकडे वळव" एवढंच. पोरीचा धीर सुटत चाललाय.

मुलांसोबत खरोखर ईआरपी करणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाशिक-पुण्यात कोणाला माहीत आहेत का? ऑनलाइनही चालेल, पण मराठीतूनच हवं. मनातलं तिला इंग्रजीत सांगता येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले, आधार वाटला, पण तिला नियमित सेशन्स लागणार आहेत.

आणि ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा, "नीट धुतले ना" याला उत्तर देणं कसं थांबवलंत? ती रडायला लागली की तेव्हा काय बोलायचं?