मदत हवी आहे: आजोबांची एफसी-१५० पिकअप २००३ पासून मांगरात, इंजिन जाम, हेड काढू की नको?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तिथल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमधे, आजोबांची महिंद्रा एफसी-१५० पेट्रोल पिकअप २००३ पासून उभी आहे. ज्यांनी ही गाडी बघितलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही बिननाकाची जीप. इंजिन दोन सीटच्या मधे पत्र्याच्या झाकणाखाली, जुन्या जीपला असायचं तेच हरिकेन, चार सिलिंडर. आजोबा हिच्यातून सुपारी-नारळ काढायचे आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला केळी न्यायचे, मला त्या मधल्या झाकणावर गोणपाट टाकून बसवायचे आणि डिचोली येईपर्यंत ढुंगण भाजून निघायचं.

आता काकांना मांगर सुपारीसाठी मोकळा हवाय. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. शेवटी असं ठरलंय की चवथीपर्यंत चालू झाली तर राहू दे, नाहीतर जाऊ दे.

मी काय केलं ते खरं खरं सांगतो, शिव्या घालू नका. गेल्या रविवारी कारची बॅटरी आणून जोडली आणि सरळ स्टार्टर मारला. टक. परत मारला, परत टक. मग अक्कल आली आणि प्लग काढले. तीन काळे पण कोरडे, तीन नंबरचा मात्र गंजून लाल. चारही भोकांतून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं ओतून चार दिवस झाले, काही हललं नाही. ढकलून बघावं म्हटलं तर चारही चाकं जाम. प्लगच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात त्यामुळे कुठली कुठे जायची ते कळत नाही, टाकीच्या तळाला काकवीसारखं काहीतरी बसलंय, आणि हौद्याच्या फळ्या वाळवीने संपवल्या, पण त्याचं दुःख नाही, सुतार घरचा आहे.

गावातला फिटर म्हणतो हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवूया, बोअर-पिस्टन सगळं करावं लागेल. खरंच लागेल का?

डिचोलीकर:
भावा, पहिलं म्हणजे स्टार्टरला हात लावू नकोस. जाम इंजिनवर स्टार्टर मारलास तर रिंग तुटेल नाहीतर स्टार्टरचे दात जातील. रेडिएटरच्या बाजूला क्रँकच्या पुलीचा मोठा नट आहे, त्याला सॉकेट आणि लांब पाइप लावून हळू दाब दे. फिरवायचं नाही, नुसता दाब, एकदा इकडे एकदा तिकडे. एका केसाएवढं हललं तरी थांब, परत तेल सोड, दुसऱ्या दिवशी परत. घाई केलीस तर फिटरचं म्हणणं खरं होईल.

तीन नंबर गंजलाय त्याचं कारण साधं आहे. इंजिन बंद पडतं तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच, तुझ्या गाडीत तो तिसऱ्याचा असणार, आणि वीस-बावीस पावसाळ्यांची ओल तिथून आत गेली. या इंजिनची गंमत अशी की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमधे आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमधे. म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह चिकटलाय की नाही ते बघायला हेड काढायची गरज नाही, ब्लॉकच्या कुशीला पत्र्याचं कव्हर आहे ते उघड, स्प्रिंगा समोर दिसतील. इंजिन फिरायला लागलं की एक स्प्रिंग दबलेलीच राहिली तर तोच चोर.

म्हापशेकर:
वायरींचं सोपं आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा. एकच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव, कोणालातरी पुली फिरवायला सांग, हवा अंगठा ढकलते तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन वर पोचला की डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालच्या रोटरचं तोंड जिकडे ती एक नंबरची वायर, पुढच्या रोटर फिरतो त्या दिशेने. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने घास, गॅप साधारण अर्धा मिलिमीटर, प्लगचा पाऊण.

टाकीतलं पेट्रोल विसर, ते आता वॉर्निश आहे. आधी बाहेरून बाटली टांगून चालव. आणि रबराचे पाइप नवे घाल, इथेनॉल चालणारे सांगून घे, कारण आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, जुनं रबर ते खातं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) सुद्धा बदल. तो फाटला तर पेट्रोल गपचूप ऑइलमधे उतरतं, डिपस्टिकला वास घेत जा. तुझं इंजिन केबिनमधे आहे हे लक्षात ठेव, कार्ब्युरेटर गळला तर पेट्रोल तुझ्या मांडीशेजारी. फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवाच. आणि ती टाकी कोणी गॅसने झाळायला निघाला तर घराबाहेर काढ त्याला, रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

मूळ धागाकर्ता:
हललं!!! नवव्या दिवशी. आधी खात्रीच होईना म्हणून पुलीवर खडूची रेघ मारली, रेघ बोटभर सरकली. आज दोन पूर्ण फेरे झाले. कुशीचं कव्हर उघडलं तर डिचोलीकर म्हणाले तेच, तिसऱ्याची एक्झॉस्टची स्प्रिंग दबलेलीच. रोज त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडतोय. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं, त्यात आजोबांच्या विडीच्या पाकिटाचे तुकडे.

कागदांचं विचारायचं राहिलं. आरसी १९६८ ची, आजोबांच्या नावावर, नंबर गोव्याच्या जुन्या जीडी सीरिजचा. व्हिंटेज गाडी म्हणून नोंदणी होईल का?

पणजीवाला:
२०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी चालते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, म्हणून त्या फिटरला काही बदलू देऊ नकोस. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. मात्र मग ती रॅली-प्रदर्शनापुरती, रोज केळी नेता येणार नाहीत. आणि हा नियम खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, तुमची माल वाहतुकीची म्हणून नोंदलेली असेल तर आधी आरटीओत आरसी दाखवून विचारा. त्याच्याही आधी वारसाने नाव बदलून घ्या, ते सगळ्यात कटकटीचं.

मूळ धागाकर्ता:
व्हॉल्व्ह सुटला. काल प्लग न लावता स्टार्टरवर फिरवत राहिलो ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत, मग प्लग लावले, बाटलीतलं पेट्रोल, आणि चौथ्या झटक्याला लागलं. पाऊण मिनिट चाललं असेल. ते सगळं एटीएफ जळून मांगरात इतका पांढरा धूर झाला की काकी पाण्याची कळशी घेऊन धावत आल्या. काका दारात उभे राहून बघत होते, बोलले काही नाहीत, संध्याकाळी मात्र भंगारवाल्याला फोन करून नको म्हणाले.

ड्रम ठोकून ठोकून तीन चाकं मोकळी झालीत, ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर मागवलेत. आता नवीनच भानगड, क्लच दाबला तरी गिअर पडत नाही, करकरतो. क्लचची प्लेट चिकटली का?

डिचोलीकर:
चिकटलीच असणार. पेडल पूर्ण दाबून सीटच्या आणि त्याच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवून ठेव दोन रात्री. नाही सुटली तर इंजिन गरम करून बंद कर, परत दाबून ठेव. गिअर टाकून झटका द्यायचं डोक्यात आणू नकोस, ब्रेक नाहीत अजून तुझ्याकडे, समोरच्या माडाला जाऊन थांबशील.

मूळ धागाकर्ता:
ठोकळा लावलाय. फणसाचा आहे. परवा कळवतो.