राणी किनेथ्रिथची चांदीची पेनी : सत्तेचा पुरावा की राजाची हौस?

नाणेछंदी :
मर्सिया या इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा ऑफा (इ. स. ७५७ ते ७९६) याच्या कारकिर्दीत चांदीची पातळ चकती दोन ठशांमध्ये ठेवून, हातोड्याने ठोकून ज्या पेनी पाडल्या गेल्या, त्यांतील काहींवर त्याची राणी किनेथ्रिथ हिचे नाव आणि ‘रेजिना’ (लॅटिनमध्ये राणी) ही पदवी आहे. अँग्लो-सॅक्सन काळातील अन्य कोणत्याही राणीच्या नावाचे नाणे आढळलेले नाही. नाणे पाडणे हा राज्यसत्तेचा हक्क आहे. तो तिच्या नावाने बजावला गेला, त्या अर्थी तिच्या हाती खरी सत्ता होती, असे माझे मत आहे.

जुना ठसा :
हा निष्कर्ष घाईचा आहे. तिची सर्व नाणी इओबा या कँटरबरीच्या एकाच टाकसाळकाराची आहेत. शिवाय ज्या नाण्यांवर चेहरा आहे, त्यांवर चेहऱ्याच्या बाजूला नाव इओबाचे आहे आणि राणीचे नाव मागे, ‘एम’ या अक्षराभोवती आहे. चेहऱ्याची घडण रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांची आठवण करून देते. ऑफाला अनुकरणाची हौस होतीच : खलिफा अल-मन्सूरच्या दिनाराची नक्कल करताना अरबी मजकुरात ‘ऑफा रेक्स’ (राजा ऑफा) ही अक्षरे उलटी बसवली गेली!

नाणेछंदी :
दिनाराचा दाखला गमतीचा असला तरी गैरलागू आहे, कारण तो सोन्याचा होता आणि आपण रोजच्या व्यवहारातील चांदीविषयी बोलत आहोत. त्याच कँटरबरीत आर्चबिशपच्या, म्हणजे तेथील मुख्य धर्मगुरूच्या, पेनींवर दुसऱ्या बाजूला ऑफाचे नाव असे. राणीच्या पेनींवर ते नाही. हा फरक आपण कसा समजावून सांगाल?

तिसरा वाचक :
बायझंटाइन सम्राज्ञी आयरीनचे अनुकरण, असे उत्तर देता येईल काय?

जुना ठसा :
नाही. आयरीन एकटी राज्य करू लागली ती ७९७ मध्ये, तर किनेथ्रिथची नाणी ७९२ च्या सुमारास पेनी जड होण्यापूर्वीची, हलक्या वजनाची आहेत. आर्चबिशपचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. किनेथ्रिथ सनदांवर साक्षीदार आहे, तत्कालीन विद्वान आल्क्विन तिला राजघराण्याची कारभारीण म्हणतो आणि ऑफाच्या मृत्यूनंतर, ७९८ मध्ये, कुकम मठाची प्रमुख या नात्याने ती आर्चबिशपशी मालमत्तेचा वाद मिटवते, हेही मला मान्य आहे. परंतु मग तिची सत्ता सिद्ध होते ती या कागदपत्रांवरून. इओबाच्या ठशावरून नव्हे.