मालिकेतले माधवराव डोळ्यांसमोरून हलत नाहीत, खरे कुठे भेटतील?

कोथरूडकर
पेशवाईवरची मालिका घरात सगळे मिळून बघतात. थोरले माधवराव गेले की पुढचे दोन दिवस जेवताना कुणी बोलत नाही. आईंना आता थेऊरला जायचंय, पण त्यांच्या मनात चेहरा नटाचाच. नववीतली मुलगी विचारते, ‘यातलं खरं किती?’ मालिकेची गोडी घालवायची नाही, पण खरा माणूसही कळायला हवा. पुण्यातच राहून सुरुवात कशी करावी?

मोडीमित्र
मालिका बघू द्या. त्यातला एकच प्रसंग उचला आणि मुलीला वहीत तीन रकाने पाडायला सांगा: कधी घडलं, कुणी लिहून ठेवलं, किती वर्षांनी लिहिलं. संवादांना रकाना नको. नवरा-बायकोचं दालनातलं बोलणं टिपायला कारकून बसलेला नसतो.

माधवराव थेऊरला गेले, तोच प्रसंग घ्या. कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४, म्हणजे १८ नोव्हेंबर १७७२. क्षयाचा आजार, वय अवघं २७, रमाबाई सती गेल्या. इथवर पाय जमिनीवर आहेत. शेवटच्या रात्री दोघं काय बोलली, हे लेखकाचं. दूरदर्शनवरची ‘स्वामी’ तर रणजित देसाईंच्या १९६२ च्या कादंबरीवरच बेतलेली होती. कागदोपत्री रमाबाई फार थोड्या दिसतात, त्यामुळे आपण जिच्यासाठी रडतो ती रमा बरीचशी कादंबरीकाराची. रडायला हरकत नाही, फक्त हे ठाऊक असावं.

घोळ होतो तो तारखांत. शकाचं इसवी सन करताना लोक डोळे झाकून ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर, पण जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवायचे. संभाजी महाराजांची हत्या फाल्गुन अमावास्या, शके १६१० ची. ७८ मिळवले तर १६८८ येतं. खरी तारीख ११ मार्च १६८९. या एका चुकीपायी तावातावाने भांडणारे बरेच भेटतील.

छापील साधनांत इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी निवडलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांचे, ४५ खंड आहेत (१९३० ते ३४). सगळे चाळायला जाऊ नका, त्या प्रसंगाशी संबंधित खंड काढा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे विचारा. मूळ कागद मोडीत, पुणे पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले. तिकडे आधी चौकशी करूनच जावं.

कोथरूडकर
एका छापील पत्राखाली ‘छ’ आणि पुढे ‘रजब’ असं आहे. आणि ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे?

मोडीमित्र
‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. पुढचं शुहूर सन, अरबी अंकांत आणि उलट्या क्रमाने: तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७३. हे साल मृगाला सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून साल संपेपर्यंत ६००. म्हणजे माधवराव गेले तेच साल. अशा दोन-चार तारखा मुलीने स्वतः सोडवल्या की पुढचं तीच करेल.

कसब्यातला
चेहऱ्याचं म्हणाल तर नट त्या जागी बसतो, कारण आपल्याकडे दुसरं चित्र नसतं. शिवाजी महाराजांच्या नावावर इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ मध्ये अस्सल समकालीन चित्र पुढे आणलं तेव्हा कुठे ते सुटलं. सवाई माधवराव (थोरल्यांचे पुतणे) आणि नाना फडणवीस चित्रकार जेम्स वेल्समुळे दिसतात, तो १७९० च्या दशकात पुण्यात होता. थोरल्यांसाठी त्यांची पत्रंच वाचा.

आईंना शनिवारवाड्यात नेलंत तर एवढं सांगून ठेवा: १८२८ च्या आगीत वरचे मजले जळाले. उरलीत ती जोती, तटबंदी, दरवाजे, कारंज्यांचे हौद. मालिकेतले दिवाणखाने कला-दिग्दर्शकाचे. नाहीतर ‘ती खोली कुठली?’ म्हणून शोधत बसतात आणि हिरमुसून परततात.

पडद्यामागे
या ओढीत वेडेपणा काही नाही. हॉर्टन आणि वोल या दोन संशोधकांनी १९५६ मध्येच पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याबद्दल लिहून ठेवलंय. मालिका ते पक्कं करते: रोज ठरलेली वेळ, चेहऱ्याचा क्लोजअप, प्रत्येक पात्राची स्वतंत्र धून. मृत्यू तर आठवडे-आठवडे लांबवतात. आईंना फार त्रास होत असेल तर तो भाग रात्री झोपण्याआधी न दाखवता दुसऱ्या दिवशी दुपारी लावा, आणि पात्र जाणार हे आधीच सांगा.

मला मायेपेक्षा रागाची धास्ती जास्त. माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी धरलं काका रघुनाथरावांना, पण प्रेक्षक शिव्या घालतात त्यांच्या पत्नी आनंदीबाईंना, कारण पडद्यावर कारस्थानाचे क्लोजअप त्यांच्या वाट्याला येतात. मुलीच्या तीन रकान्यांत हा प्रसंग जरूर घाला.

हडपसरकर
थेऊरचं मी सांगतो. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर ओलांडलं की थेऊर फाटा, तिथून डावीकडे आत. पुण्यापासून अंतर साधारण २५ किलोमीटर. आधी चिंतामणीचं दर्शन घ्या, तिथला लाकडी सभामंडप माधवरावांनी बांधवलेला. मग नदीकडे जा, सतीचं वृंदावन तिकडे आहे. बरेच जण देवळातूनच परत फिरतात. संकष्टी आणि रविवार टाळा. कार्तिक वद्य अष्टमीला पुण्यतिथी असते, आईंना त्या दिवशी न्यायचं असेल तर सकाळी लवकर निघा, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ऊन चढेल.